दुसऱ्या ट्रॅकची ढील

नवतपा लागला, मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस. सकाळी साडेसातलाच गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला ठेवल्यासारखं येतं. नळाखाली हात धरून गार होण्याची वाट बघावी, तर ते आणखी तापतं. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या वरच्या मजल्यावर कूलरच्या खसला, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांना, पाणी मारलं की जो वास उठतो, तो दुसऱ्या कोणाला ओल्या गवताचा वाटत असेल. मला त्या वासापाठोपाठ तापलेल्या लोखंडाचा वास येतो, मग ग्रीसचा, मग बासी भातात चुरलेल्या कांद्याचा. आणि मग राग येतो. सात वर्षांत एकही नवतपा असा गेला नाही की पहिल्या दिवशी मला राग आला नाही.

राग वामनकाकांचा. सख्खे काका नव्हेत. बाबा रेल्वेत फिटर होते आणि वामनकाका पुरानी बस्तीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. दोघंही गोंदियाकडून आलेले, म्हणून ते काका. शहराबाहेर उरल्याला, कारखान्यांच्या वस्तीत, त्यांची शेड होती. तीन लेथ, एक ड्रिल, एक जुनी मिलिंग मशीन, आणि दारात एक कडुलिंब. धुळीने त्या कडुलिंबाची पानं इतकी काळी झालेली असत की पावसाळ्यापर्यंत तो कशाचा म्हणून ओळखू येत नसे.

माझं काम काय आहे ते आधी सांगते, कारण रायपुरात ते कोणाला एका दमात समजत नाही. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पट्ट्या असतात, त्यांना स्लॅट म्हणतात. एरवी त्या पंखाला इतक्या बिलगून असतात की वेगळ्या आहेत हे कळत नाही. विमान उतरायला लागलं, वेग कमी झाला, की त्या पुढे सरकतात आणि खाली झुकतात. मागे एक फट पडते, तिच्यातून हवा पंखाच्या पाठीला धरून वाहते, आणि एरवी ज्या हळू वेगाला पंखाने हात टेकले असते त्या वेगालाही तो विमान पेलून धरतो. या पट्ट्या पुढे-मागे करणारी यंत्रणा मी कागदावर काढते. स्लॅट जिच्यावरून पुढे जाते ती पोलादी कमान म्हणजे ट्रॅक, तिला धरणारे रोलर, तिच्यावरचे दाते, त्यांत बसणारं छोटं चाक म्हणजे पिनियन, आणि ते फिरवणारा लांब दांडा.

वामनकाकांच्या बायकोने, म्हणजे काकूने, हे ऐकून एकदा विचारलं होतं, "म्हणजे विमान तू बनवते?"

"नाही काकू. पंखाची पुढची कड मागंपुढं होते न, तेवढंच."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"मंग दिवसभर काय करते?"

दिवसभर मी घासाघीस करते. खरंच सांगते, या कामातला निम्मा वेळ त्यातच जातो. पंखाचा सांगाडा करणारे म्हणतात, पुढच्या कडेत तुम्हाला एवढीच जागा. बर्फ वितळवायला गरम हवेची नळी नेणारे म्हणतात, त्यातली अर्धी आमची. वजन सांभाळणारे एकेका ग्रॅमसाठी असे भांडतात, जसे काही पंख त्यांच्या डोक्यावरून न्यायचा आहे. या सगळ्यांशी मी पुरानी बस्तीच्या भाजीबाजारात आईच्या पदराला धरून जे शिकले त्याच रीतीने बोलते. आधी वस्तूला नाव ठेवायचं. मग उठून चालायला लागायचं. दहा पावलांत मागून हाक आली नाही, तर आपला भाव चुकला असं समजायचं. मला बहुतेकदा सहाव्या पावलाला हाक येते. इंग्रजी शाळेत गेले नाही, डिप्लोमा केला तोही घरच्यांशी भांडून. पण मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांनी भरलेल्या बैठकीत माझ्या ट्रॅकसाठी दोन बोटं जागा जास्त मिळवून मी बाहेर पडले आहे.

भांडायला मात्र मी वामनकाकांच्या शेडमध्ये शिकले. डिप्लोम्याच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तिथे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला लेथ शिकायचा आहे. काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"वेणी अडकन."

"कापून येते."

"तुझा बाप मले मारन."

"त्यांचं मी बघते."

"हात काळे होतील, लगन कसं होईल?"

"काळ्या हातांचा नवरा बघीन."

ते हसले, आणि माझ्या हातात लेथ नाही, कानस दिली. एक लोखंडी ठोकळा दिला. म्हणाले, हा सगळ्या बाजूंनी काटकोनात कर, मग बोलू. बावीस दिवस मी तो ठोकळा घासला. तेविसाव्या दिवशी त्यांनी गुण्या लावून उजेडात धरला, पोलाद आणि गुण्याच्या मधून उजेडाची रेघ दिसते का बघितलं, आणि लेथपुढचा स्टूल माझ्याकडे सरकवला. शाबासकी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. तो स्टूल सरकल्याचा आवाज मात्र मला अजून ऐकू येतो.

त्या शेडमध्ये एक रीत होती. रोलिंग मिलमधून सुट्या भागांची ड्रॉइंगं यायची. घाईत काढलेली, कधी चहाचे डाग पडलेली. त्यांत चुका असायच्या. त्या चुका बोलायच्या नाहीत. एकदा एका पट्टीत चौथं भोक भलत्याच बाजूला दाखवलं होतं. काकांनी ते पाहिलं, दोन मिनिटं डोळे मिटून ती पट्टी मशीनवर कुठे बसत असेल याचा विचार केला, आणि भोक बरोबर बाजूला पाडून माल पाठवून दिला. मी म्हटलं, काका, त्यांना फोन करून सांगायला पाहिजे ना? ते म्हणाले, "ज्यानं काढलं तो पोट्टा नवा हाय. साहेबापुढं त्याचं नाव खराब होईल. पट्टी बसली, काम झालं. मिस्त्रीनं ड्रॉइंगले नाव ठेवाचं नसते, सुधरवाचं असते." मला तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं. मी मैत्रिणींना सांगितलंही होतं.

म्हणजे मला हे माहीत होतं. ही गोष्ट लक्षात राहू द्या, मलाही राहायला हवी होती.

सात वर्षांपूर्वी बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी मी स्लॅटची एक यंत्रणा काढली. कागदावर ती त्यांना आवडली होती, पण चालताना बघायची होती. एक स्लॅट, दोन ट्रॅक, पोलादी चौकटीवर बसवलेले, आणि हाताने फिरवायचा दांडा. ती चालली तर पुढचं सगळं काम माझं. आणि ते काम म्हणजे पहिल्यांदाच मी कोणाच्या हाताखाली नाही, माझ्या नावाने करणार होते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. कित्येक वर्षं मी काढायची आणि त्या चौकोनात दुसऱ्याचं नाव यायचं. त्या नावाकडे मी रोज एकदा तरी बघत असे.

बनवायला दुसरीकडे जाणं मला सुचलंच नाही. ड्रॉइंग घेऊन उरल्याला गेले.

काका म्हणाले, "पंधरा दिवस."

"सहा."

"पोट्टी, हे काय चाकाचं बोल्ट हाय?"

"सहा म्हणजे सहा. नाहीतर भिलाईला जाते."

"जा न मंग."

मी उठले. कडुलिंबापर्यंत गेले. मागून हाक आली नाही. मीच वळून आले. शेवटी नऊ दिवस ठरले, म्हणजे पुरता नवतपा. काका म्हणाले, "तुले नवतप्यातच काहून पाहिजे होतं? दिवाळीत विमानं उडत नाही का?" पण ड्रॉइंग त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, आणि माझं नाव असलेल्या कोपऱ्यावर पडू नये म्हणून अंगठा जरा आत दुमडला. हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला मला फुरसत नव्हती.

ते नऊ दिवस. पत्र्याची शेड, दहा वाजल्यापासून पत्रा टकटक करत फुगायला लागायचा. शेजारच्या मिलमधून लाल तापलेली सळी सरकताना दिसायची, जणू बाहेर काही कमीच ऊन होतं. ट्रकमागून ट्रक, आणि प्रत्येकाबरोबर एक भिंतभर धूळ. लोखंडाला हात लावण्याआधी फुंकर मारायची सवय लागली होती, तिचा काही उपयोग नसतानाही. दुपारी कामगार ओळीने बसून बासी खायचे, रात्रीचा भात पाण्यात, वर कांदा, मिठाचा खडा. काका त्यांच्यातच बसायचे. मला विचारायचे, "बासी खाशीन का?" आणि मी चुकून छत्तीसगढीत "हव" म्हटलं की सगळे हसायचे. पोट असं गार व्हायचं, जसं आत कोणी माठ ठेवला आहे. तिसऱ्या दिवशी ट्रॅकचा बाक तासून झाला. पोलादाची ती कमान उजेडात धरली तर नदीच्या वळणासारखी दिसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी दाते. काका दात्यांवर वाकलेले. चष्मा कपाळावर, गमछा मानेवर, आणि बोटाने ट्रॅकची धार अशी तपासायचे, जसं बाळाचा ताप बघतात.

आता इथे तो दुसरा ट्रॅक सांगायला हवा.

एका स्लॅटला दोन ट्रॅक असतात, दोघांनी मिळून ती पुढे न्यायची. सरळ वाटतं की दोन्ही सारखेच घट्ट धरावेत. पण उंचावर हाडं गोठवणारी थंडी आणि खाली रायपूरसारखी धावपट्टी, शिवाय पंख स्वतःही वाकतो. स्लॅट लांबते, आखडते. दोन्ही ट्रॅक दोन्ही बाजूंनी आवळले, तर लांबलेली स्लॅट जाणार कुठे? ती अडकणार. म्हणून एक ट्रॅक बाजूने घट्ट धरायचा, तो वाट दाखवतो, आणि दुसऱ्याला बाजूने थोडी ढील सोडायची. माझ्या ड्रॉइंगवर त्या दुसऱ्या ट्रॅकला दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर जागा होती. आकडा स्वच्छ लिहिलेला होता. फक्त आकडा.

आठव्या दिवशी जोडणी झाली. नवव्या दिवशी सकाळी सातला मी दांडा फिरवला. स्लॅट पुढे आली, झुकली, मागे गेली. आवाज नाही. एक टिकटिक नाही. मी ओरडले, "काका, लोण्यासारखं चालून राहिलं!" ते गालातल्या गालात हसले आणि गमछ्याने हात पुसत राहिले. दाखवायला झोकदार दिसावी म्हणून मी आदल्या संध्याकाळी स्लॅटला काळा रंग मारून घेतला होता.

त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. ढील ठेवलेली वस्तू वाजते. ही वाजत नव्हती.

बेंगळुरूचे साहेब अकराला यायचे होते, त्यांचं विमान लांबलं, ते तीनला आले. तीनला पश्चिमेच्या दारातून ऊन आत शिरतं आणि बरोबर जिथे आम्ही चौकट उभी केली होती तिथे पडतं. काळी ॲल्युमिनियमची स्लॅट तासभर उन्हात तापली, खालची पोलादी चौकट सावलीत. साहेबांनी नाकाला रुमाल लावलेला. मी दांडा धरला. पाव फेरा गेला. मग दांडा थांबला. मी जोर लावला. काकांनी येऊन जोर लावला. काही नाही. स्लॅट तिरकी होऊन अशी अडली होती, जशी अरुंद बोळात खाट.

साहेब वाकून बघत म्हणाले, "लगता है ड्रॉइंग में ही क्लिअरन्स कम रखा है आपने."

मी म्हटलं, "नहीं सर, रखा है. पूरा रखा है."

"तो फिर?"

मी रोलरच्या घराकडे हात नेला. धातू हाताला चटके देत होता, उघडून बघायला तास लागला असता, आणि साहेबांना परतीचं विमान गाठायचं होतं. वामनकाका माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. ते जमिनीकडे बघत होते. साहेब गेले.

ऊन उतरल्यावर मी रोलरचं घर उघडलं. दुसऱ्या ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना पितळेच्या दोन पट्ट्या. सुबक कापलेल्या, कडा घासलेल्या, बरोबर दीड-दीड मिलिमीटर जाडीच्या.

"हे कोणी घातलं?"

"मी," काका म्हणाले.

"काहून?"

"ढील होती."

त्यापुढे मी जे बोलले ते सगळं लिहिणार नाही. सहा माणसं ऐकत होती. एक वाक्य लिहिते, कारण ते मला विसरता आलेलं नाही: "तुमच्या या भंगार शेडने माझं विमान पाडलं." काकांनी चष्मा काढला, गमछ्याने पुसला, परत घातला. मग बादली घेतली आणि कूलरमध्ये पाणी भरायला गेले.

मी बेंगळुरूला फोन केला, पट्ट्यांचं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले की ड्रॉइंगप्रमाणे बनवून घेणं हेही काम तुमचंच होतं. काम दुसऱ्या कोणाकडे गेलं.

पुढे मला दुसरी कामं मिळाली. मिळवली. आज ज्या विमानांवर माझी यंत्रणा चालते त्यांतलं एखादं संध्याकाळी माझ्या गच्चीवरून जातंही. पण ते पहिलं नाव गेलं ते गेलं. आणि पट्टीचा राग मी केव्हाच सोडला होता, माणूस चुकतो. राग होता तो दोन हातांवर उभं राहून गप्प बसण्याचा. साहेब माझ्या ड्रॉइंगला चुकीचं म्हणत होते तेव्हा मला एक वाक्य हवं होतं: साहेब, पट्टी मी घातली. चार शब्द. ज्या माणसाने मला बावीस दिवस ठोकळा घासायला लावला, त्याला चार शब्द जड झाले. सात वर्षांत लग्नाकार्यात भेटलो तर मी वाकून नमस्कार केला आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

गेल्या आठवड्यात काकूचा फोन आला. "शोभे, तुझे काका शेड खाली करून राहिले. डोळ्याचं ऑपरेशन झालं न, आता मी बसू देत नाही लेथवर. तुझं ते पंख उभं हाय कोपऱ्यात. भंगारवाला आला होता, यायनं त्याले हाकललं. म्हणते, ज्याचं हाय त्याले विचारा. ये अन् घेऊन जा बाई."

मी दुपारी तीनला गेले. गार वेळी जाऊन भांडण होत नाही.

शेडमध्ये दोन लेथ नव्हते. जिथे ते उभे असायचे तिथे जमिनीवर दोन स्वच्छ चौकोन राहिले होते, बाकी सगळं तेलाने काळं. कोपऱ्यात काकूच्या जुन्या सुती साडीखाली माझी चौकट. काका स्टुलावर बसले होते, डोळ्यांवर हिरवा चष्मा. काकू कैरीच्या पन्ह्याची बाटली घेऊन दारात.

"आली?" काका म्हणाले.

"आली."

"पन्हं पी आधी. मंग भांड."

मी उभ्यानेच प्यायले. गूळ जास्त, वेलदोडा कमी, नेहमीसारखं. ग्लास ठेवला आणि म्हटलं, "काका, एक विचाराचं होतं."

"विचार. तू विचारल्याबिगर जाणारी नाही."

"त्या दिवशी साहेब म्हणे, ड्रॉइंग चुकलं. तुम्ही तिथंच उभे होते. पट्टी तुम्ही घातली होती. बोलले काहून नाही?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. हिरव्या काचेमागचे डोळे दिसत नव्हते.

"काय बोलू? पट्टी घातली म्हटलं असतं, तर त्यानं विचारलं असतं, काहून घातली. मंग मले सांगा लागलं असतं की पोट्टीनं एक ट्रॅक बरोबर बसवला अन् दुसऱ्यात ढील सोडून देल्ली. ईसरली. बाहेरच्या माणसापुढं सांगू? तुझं नाव होतं न त्या कागदावर."

"म्हणजे तुम्हाले वाटलं मी चुकली?"

"घाईत होती तू. पंधराचे नऊ दिवस केले. घाईत चुकते माणूस. म्हून मी गुपचूप भरून काढलं."

"अन् जाम झालं ते?"

"ते तुह्या काळ्या रंगानं झालं. मले तं तसंच वाटलं."

"मी तुम्हाले एवढं बोलली तेव्हा?"

"चिडलेल्या माणसाले त्याची चूक दाखवत नाहीत. कोणालेच नाही सांगितलं मी. तुह्या काकूलेबी नाही."

"आज समजलं," काकू दारातून म्हणाली. "सात वर्षं हा माणूस नवतपा आला की मुका होते. मी म्हणो, उन्हानं होत असन."

सात वर्षं. मी माझा राग जपत होते, आणि हा माणूस उरल्यात बसून माझी चूक जपत होता. न झालेली चूक. ते चौथं भोक मला आठवलं, तो नवा पोट्टा, ज्याचं नाव साहेबापुढे खराब होऊ नये. मी ती गोष्ट किती कौतुकाने सांगत फिरले होते. आपल्यावर ती वेळ आली तेव्हा मला ती ओळखता आली नाही.

मी खडूचा तुकडा शोधला आणि लेथच्या त्या स्वच्छ चौकोनात बसून काढायला लागले. दोन ट्रॅक, मध्ये स्लॅट. म्हटलं, "काका, पुरानी बस्तीच्या बोळीतून तुम्ही अन् बाबा खाट नेत होते, आठवते?"

"हव. तुही मोठी खाट. लगनातली."

"पुढचा माणूस घट्ट धरून चालते. मागच्यानंही तेवढंच घट्ट धरलं, आपल्याच रेषेत चालला, तर वळणावर काय होईन?"

"भिंतीत अडकन."

"मंग मागचा काय करते?"

"हात ढिला सोडते. खाट जिकडं जाईन तिकडं..." ते थांबले. स्टुलावरून उतरले आणि गुडघे मोडत माझ्याजवळ जमिनीवर बसले. चष्मा वर करून रेघा बघितल्या. बोटाने दुसऱ्या ट्रॅकची बाजू चाचपली, खडूचीच, पण तशीच, ताप बघितल्यासारखी. मी उन्हाचं सांगितलं, काळ्या स्लॅटचं, सावलीतल्या पोलादाचं, कोण किती लांबतं ते. पत्रा टकटक करत होता.

"हे तव्हा काहून नाही सांगितलं?"

दहा मिनिटं लागली होती सांगायला. त्या नवतप्यात मी त्यांच्याकडून सहा दिवस काढून घेतले, आणि त्यांना दहा मिनिटं दिली नाहीत. आकडा दिला. साहेबांशी, सांगाडेवाल्यांशी, वजनवाल्यांशी मी तासन्‌तास बोलत होते, का म्हणून, कशासाठी म्हणून. ज्याने ते हाताने करायचं होतं त्याला मात्र आकडा पुरेल असं मला वाटलं, कारण तो आपला माणूस.

"मंग चूक माही झाली," काका म्हणाले.

आलं ते वाक्य. सात वर्षं मागत होते ते. आणि हातात आल्यावर मला ते ठेवून घेववेना.

"अर्धी," मी म्हटलं. "अर्धी माझी."

"नाही. पुरी माही. न विचारता पट्टी घातली."

"न सांगता आकडा लिहिला. अर्धी."

"पाव घे तू."

"पाव नाही. पावाला मी हात लावत नाही."

"पाहा न इचा सौदा," काकू म्हणाली. "लोक चूक कमी कराले भांडते, हे दोघं वाढवाले भांडून राहिले."

मी उठून कडुलिंबाकडे चालायला लागले. सहाव्या पावलाला मागून हाक आली. "ये वापस! अर्धी घे!"

बेंगळुरूच्या साहेबांवरचा राग मात्र मी ठेवून घेतला आहे. सगळेच राग सोडले तर नवतप्यात करायचं काय? पण एक फरक पडला. परवा जे ड्रॉइंग पाठवलं त्यात दुसऱ्या ट्रॅकच्या ढिलीशेजारी आकड्याखाली दोन ओळी जास्त आहेत, ही जागा का सोडली आहे ते सांगणाऱ्या. तपासणाऱ्याने विचारलं, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं, कशाला लिहिलंत? मी म्हटलं, राहू द्या.

त्या दुपारी निघण्याआधी मी साडी बाजूला केली. सात वर्षांची धूळ अपेक्षित होती. ट्रॅकवर ताजं ग्रीस होतं. पितळेच्या पट्ट्या मी तेव्हाच उपटून फेकल्या होत्या, त्या कोणी परत घातल्या नव्हत्या. ऊन बरोबर त्याच दारातून आत येऊन कोपऱ्यापर्यंत पोचलं होतं, साडीखालची काळी स्लॅट इतकी तापली होती की हात टेकवत नव्हता.

"फिरवा," मी म्हटलं.

काकांनी गमछा गुंडाळून दांडा धरला. पाव फेरा. अर्धा. स्लॅट पुढे आली, झुकली, आणि जाता जाता दुसऱ्या ट्रॅकमध्ये रोलर बाजूला हलून खुळखुळला. काकांचा हात थांबला. आयुष्यभर ज्या आवाजाला त्यांनी शेडबाहेर ठेवलं, तो आवाज. त्यांनी मान कलती करून ऐकला.

"वाजून राहिलं," ते म्हणाले.

"हव."

त्यांनी दांडा पुन्हा फिरवायला घेतला. स्लॅट मागे गेली, पुढे आली, खुळखुळत.

"वाजू दे," म्हणाले, आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवला.